उस्तादांचं चौथं गाव

उस्तादांना कुणी "तुम्ही कुठले?" असं विचारलं, की ते खिशातून खडू काढत. 'जर्मनी' असं सरळ उत्तर त्यांनी कधी दिल्याचं मला आठवत नाही. समोर असेल त्या पत्र्यावर ते पाच गोल काढत, चौथ्यावर बोट ठेवत आणि वर्कशॉपच्या हिंदीत सांगत, "पाँच गाँव, एक पंचायत. मेरा ये." मग विचारणाऱ्याची पुढची दहा मिनिटं सुटका नसे.

बहारीनमध्ये जहाजांचे पंप दुरुस्त करणाऱ्या आमच्या कंपनीत ते बावीस वर्षं होते. चालत्या पंपाच्या अंगाला स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावत आणि कुठलं बेअरिंग गेलं ते सांगत. म्हणून सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. मी ऑफिसात क्लार्क. व्हिसा, रजा, तिकिटं, सगळ्यांचे फॉर्म माझ्याकडे.

आमची गट्टी जमली ती पंचायतीवरून. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका मोहल्ल्यातला. आमची चार गावांची ग्रुप ग्रामपंचायत. कचेरी मोठ्या गावात, दवाखाना तिथंच, पाण्याची टाकीही तिथंच. हे ऐकल्यावर उस्तादांनी टेबलावर थाप मारली. त्यांच्याकडेही हुबेहूब हेच. पाचांत जे मोठं गाव, त्याचंच नाव पंचायतीला, शाळा आणि डॉक्टर त्याच्याकडे. चौथ्या गावाकडे उरलं होतं एक चर्च, एक दफनभूमी आणि गावकऱ्यांचा स्वतःचा आगीचा बंब. तेव्हापासून शुक्रवार-शनिवारची सुटी संपून दर रविवारी हप्ता सुरू झाला, की ते माझ्या दारात उभे राहून विचारत, "नझीर, तुम्हारा टाकी आया?" मी इथल्या अरबीत 'नाही' म्हणे, "मफी, उस्ताद." ते मान हलवत निघून जात.

सुटीवर गेले की तो बंब धुणं हे त्यांचं पहिलं काम. मोठ्या गावाच्या बंबावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "आग लगेगा तो वो लोग आएगा," ते म्हणायचे, "लेकिन पहले कपड़ा बदलेगा."

बायकोबद्दल मात्र ते एकदाच बोलले. चौथ्या गावात, अक्रोडाच्या झाडाखाली तिची कबर होती आणि शेजारची जागा त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवली होती. "उधर मेरा सीट है," एवढंच म्हणाले. मला पुढं काही विचारवलं नाही.

मग ऑफिसात नवी कॉम्प्युटर सिस्टीम आली आणि मी सगळ्यांचे पत्ते पुन्हा भरले. ठिकाणासाठी चौकट एकच. मी पंचायतीचं नाव टाकून मोकळा झालो. उस्तादांनी ते पाहिलं. "नझीर, ये झूठ है. पूरा लिखो." मग त्यांची नजर माझ्या फॉर्मवर गेली. "तुमने भी खाली रत्नागिरी लिखा? मरेगा तो बस स्टँड पे छोड़ेगा क्या?" मी हसलो, दोन्ही उद्या बदलतो म्हणालो. बदललं नाही. निव्वळ आळस, दुसरं कारण नाही.

गेल्या थंडीत ते एका सकाळी कामावर आले नाहीत. बुसैतीनच्या फ्लॅटमध्ये खुर्चीत बसल्या बसल्याच गेले होते. मागं फक्त एक पुतण्या, लांबच्या शहरातला, गाव लहानपणी एकदा पाहिलेला. त्यानं कंपनीलाच गावाचा पत्ता विचारला आणि कंपनीनं सिस्टीममधला पाठवला. मयत जर्मनीला पाठवायचा कागद शिक्क्यासाठी माझ्यापुढे आला. दफनाचं ठिकाण म्हणून त्यावर मोठ्या गावातली नवी दफनभूमी लिहिली होती. मी शिक्का मारला नाही.

मी साहेबांकडे गेलो. साहेब पुण्याचे, माणूस वाईट नाही. "नझीरभाई, उद्याचा कार्गो बुक आहे. चार किलोमीटरचा तर फरक. पंचायत एकच ना?"

"साहेब, त्यांची बायको तिथं नाही," मी म्हणालो. "चूक माझी आहे. कार्गो परवाचा करा."

उस्तादांच्या हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून रंगानं पाच गोल काढलेले होते. चौथ्यात एक क्रूस, शेजारी छोटं झाड. त्याचा फोटो काढून पुतण्याला पाठवला आणि लगेच फोन केला. तो म्हणाला, "काकू तिथं आहे, हे मला माहीतच नव्हतं." दुसऱ्या दिवशी नवा कागद आला. त्यावर चौथ्या गावाचं नाव होतं.

दहा-बारा दिवसांनी त्यानं एक फोटो पाठवला. पानं गळालेला अक्रोड, अकरा माणसं, त्यातली बहुतेक म्हातारी आणि बंबवाल्यांच्या गणवेशात. फाटकापाशी तो जुना बंब उभा होता, धुतलेला. मी ऑफिसात सगळ्यांसमोर रडलो.

आमच्यात मयताला लांब नेत नाहीत. मी इथं गेलो तर इथल्याच वाळूत जाईन. माझं गाव कुणाला शोधावं लागणार नाही. तरीही माझ्या फॉर्मवरचं रत्नागिरी मी काढलं आणि मोहल्ला, गाव, पंचायत, सगळं त्या एवढ्याशा चौकटीत दाटून बसवलं.

मागच्या शुक्रवारी घरून भावाचा फोन आला. मोहल्ल्यात टाकी झाली, नळाला पाणीही आलं. रविवारी ऑफिसात पोचलो आणि खुर्चीत बसून किती तरी वेळ दाराकडे बघत राहिलो.