गोवऱ्यांचा टेम्पो

आमच्या कुंपणापलीकडच्या चिकूच्या वाडीतल्या म्हाताऱ्या पारशानं शेवटच्या आजारात माझ्याकडे एकच मागणं केलं होतं. "डिकरा, मी गेलो की तू तोंड बघून जा. बाकीचे येतात ते चिकूचा भाव विचारायला." मी हो म्हटलं. हो म्हणण्यात मी कधीच मागे नसतो, घोळ त्यानंतर होतो.

तो पहाटे गेला. त्याच्या बायकोनं, आमच्या आंटीनं, फोन केला आणि नुसतं "ये" म्हणाली. शहाण्या माणसानं कुंपण ओलांडून जावं. मी स्कूटर काढली ती थेट बोईसरला.

चाळीस वर्षांच्या शेजारातून त्यांच्या धर्माबद्दल मला कळलं होतं ते इतकंच: आग पवित्र, गिधाडं संपली, गावातला दखमा, म्हणजे गिधाडांसाठी प्रेत ठेवायचा बुरूज, बंद. म्हातारा स्वतःच म्हणायचा, आमचं गिऱ्हाईकच उडून गेलं. यावरून मी निष्कर्ष काढला की आता हे लोक जाळत असणार, आणि जन्मभर अग्नीला मानणाऱ्याला अग्नी देण्याइतकं पुण्य दुसरं नाही. मग बांबू, सुतळी, मडकं, हार आणि टेम्पोभर गोवऱ्या. पहिल्या ओल्या निघाल्या म्हणून दुकानदाराशी भांडलो. सुक्या मिळेपर्यंत दुपार झाली. फोन स्कूटरच्या डिकीत वाजत होता.

टेम्पो वाडीत शिरला तेव्हा ओट्यावर पांढऱ्या डगल्यांतले दोन दस्तूर, म्हणजे त्यांचे पुरोहित, उभे होते. थोरल्यानं गोवऱ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फार सभ्यपणे त्यानं सांगितलं की आग पवित्र आहे, म्हणूनच तिला मढ्याचा स्पर्श होऊ देत नाहीत. मी मान डोलावली. हातात मडकं होतं.

मग आंटी बाहेर आली. तिनं सांगितलं, अंघोळ घालून, सदरा आणि कमरेची पवित्र दोरी, कस्ती, चढवून प्रार्थना झाल्या की परक्या धर्माच्या माणसानं तोंड पाहायचं नसतं. त्याआधी कुणीही पाहावं. तेवढ्यासाठी तिनं मुंबईहून आलेल्या खांदेकऱ्यांना तासभर बसवून ठेवलं होतं, मला सात फोन केले होते. पण उजेड असतानाच मुंबईच्या दखम्यावर पोचायला हवं होतं. शेवटी तिनंच "करा" म्हटलं.

मी म्हणालो, एकदाच, दारातून. तिचा पुतण्या पाघळला, "जाऊ दे ना काकी, घरचाच माणूस."

"जिंदगीभर त्यानं नियम मोडले आणि मला हसला," ती म्हणाली. "आज एक दिवस नीट होऊ दे त्याचं."

खांदेकरी त्याला घेऊन निघाले. मागून माणसं जोडीजोडीनं, दोघांत एक पांढरा रुमाल धरून. त्या वाटेनं एकट्यानं चालायचं नसतं म्हणे. मी चिकूच्या झाडाकडे तोंड करून उभा राहिलो, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. पाठीमागे पावलं वाजली, गाडीचं दार लागलं. नंतर टेम्पोवाल्यानं हळूच विचारलं, "साहब, माल कहाँ उतारना है?"

आंटी चारेक दिवसांनी मुंबईहून परतली. मी माफी मागायला गेलो आणि जे विचारायला नको होतं ते विचारलं: शेवटी दिसत कसा होता?



"ते सांगणार नाय डिकरा. सांगितलं तर तुला वाटेल, तू पाहिलंस."

मग तिनं फुदिन्याचा चहा केला. मी तो प्यालो, कप विसळून ठेवला आणि घरी आलो.