हवा कोण प्यायलं?

आमच्या कंपनीत नवे मुख्याधिकारी आले की पहिल्या दिवशी हार, पेढे आणि 'पुढची वाटचाल' या विषयावर भाषण, असा शिरस्ता. मकरपुऱ्याच्या कारखान्यात आम्ही नळांचे स्मार्ट मीटर बनवतो. घरात किती पाणी वापरलं ते आपोआप मोबाइलवर कळवणारे. नव्या शिर्के साहेबांनी मात्र गळ्यातला हार काढून खुर्चीला अडकवला आणि म्हणाले, "वाटचाल उद्या सांगतो. सकाळी पाणी यायच्या वेळी हरणीला या." आणि पेढा खात जिना उतरले. मी विक्री विभागाची प्रमुख. मनात म्हटलं, झालं, आता हे एक नवीन ध्यान!

हरणीच्या एका सोसायटीत विद्याकाकूंकडे आम्ही नमुन्याचं मीटर बसवलं होतं. कंपनीचे आम्ही सगळे अधिकारी जांभया देत काकूंच्या बादलीभोवती उभे राहिलो. काकूंनी नळ आधीच उघडून ठेवला होता. आपल्याकडे सगळ्याच ठेवतात. पाण्याआधी पाइपातली हवा येते, तिला वाट करून द्यावी लागते. हवा फुसफुसत सुटली, मीटर भिंगरीसारखं फिरलं आणि काकूंच्या मोबाइलवर टिंग करून निरोप आला, की तुम्ही अमुक इतकं पाणी वापरलं. बादली कोरडी ठणठणीत!

साहेबांनी बादलीत वाकून पाहिलं आणि माझ्याकडे वळले. "सुनीताबेन, हवा कोण प्यायलं?"

आम्ही सगळे जन्मभर वेळेचं पाणी भरत आलेलो, आणि कारखान्यात मीटर तपासायचो ते मात्र बारा महिने तुडुंब भरलेल्या पाइपावर. रिकाम्या पाइपाची आठवण एकालाही झाली नव्हती. "ही आपली वाटचाल," साहेब म्हणाले. "हवा मोजणारं एकही मीटर बाहेर जाणार नाही." मग आम्हाला शेव-उसळ खायला घेऊन गेले.

शेव-उसळ खाता खाता मी मनात हिशेब मांडत होते. बाहेरगावच्या एका नगरपालिकेची मोठी ऑर्डर मी चपला झिजवून आणली होती. माल तयार होता, तिकडून रोज फोन येत होते, आणि हे म्हणत होते की मीटरमध्ये सुधारणा झाल्याशिवाय खोकं हलणार नाही. मी तणतणत त्यांच्या केबिनमध्ये शिरायची. "साहेब, ऑर्डर हातची जाईल! लोक वाट बघत बसणार आहेत का?"

"शांतिथी, सुनीताबेन."

गुजरातीतलं शांतिथी म्हणजे आपलं 'जरा दमानं'. या एका शब्दानं माझं डोकं उठवलं होतं. इथल्याच जुन्या वाडी भागात जन्मलेला माणूस, पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते म्हणे. पण ह्यांना कशावर तुटून पडलेलं मी कधी पाहिलं नाही. मी ओरडायची, ते बडीशेप पुढे करायचे. एकदाच म्हणाले, "बेन, मीटर खोटं बोललं की बाई नळाला शिव्या घालत नाही. आपल्याला घालते. आणि बरोबर घालते." ते खरं होतं, याचाही मला रागच आला.

आणखी संताप पुढे व्हायचा होता. सुधारणा अर्धीमुर्धी झाली होती, तेवढ्यात आमच्या मालकांचा धीर सुटला. शेठ म्हणाले, आधी माल पाठवा, हवेचं मागाहून बघू. साहेबांनी मंजुरीवर सही केली नाही. भांडले नाहीत, आवाज चढवला नाही; टेबलावर राजीनामा ठेवला, डबा उचलला आणि निघाले. गेटपर्यंत मी बडबडत गेले, "अहो, थोडं भांडायचं तरी! असं सोडून जातात का कोणी?" ते नुसते हसले. इतकी चीड मला त्यांची कधी आली नव्हती.

दुसऱ्याच आठवड्यात ट्रक लागला. आमच्याच मीटरची खोकी भराभर चढत होती. कुठल्या तरी गावातल्या बाया सकाळी नळ उघडून उभ्या राहणार, आणि त्यांच्या मोबाइलवर हवेचं बिल येणार. मला राहवेना. साहेबांना फोन लावला आणि भडाभडा सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "आणि आता शांतिथी म्हणू नका हं!"

पलीकडून साहेब कडाडले. खरंच कडाडले!

"शांतिथी काय, बेन? भांडा! मला नाही जमलं ते. तुम्हाला जमतं, म्हणून तर रोज तुमचं ऐकून घेत होतो!"

मी फोन ठेवला, तडक खाली गेले, ड्रायव्हरकडून ट्रकची चावी मागून घेतली आणि पर्समध्ये टाकली. बातमी वर पोचली. शेठ लालबुंद होऊन आवारात आले. "सुनीताबेन, काय चाललंय हे? चावी द्या!"

पर्स काखेत घट्ट धरून मी म्हटलं, "शांतिथी, शेठ. आधी उद्या हरणीला चला. पाणी यायच्या वेळी."