किंगसाहेबांचं भाषण आणि मार्थामावशीची विहीर

मार्थामावशीला भाषण करायला मी शिकवलं, हे गावात कोणी कबूल करत नाही. न करू देत! पण व्हॅलेरियन सरांच्या, म्हणजे माझ्याच, ओट्यावर आठवडाभर बसून तिने चहा ढोसला, हे तरी विचारा कुणालाही.

गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. मावशी माझ्या शेजारची, साठीची, विधवा. केळी आणि पानवेलीची वाडी एकटीने सांभाळणारी. पलीकडे लेस्टरची वाडी. लेस्टर तसा देवभोळा, पण दिवसभर पंप लावून नव्या बिल्डिंगींना टँकरने पाणी विकायचा. गाव समुद्राकाठचं, त्या उपशाने आसपासच्या विहिरी एकेक करून खाऱ्या झाल्या. मावशीच्या विहिरीचं पाणी मार्चात मचूळ झालं आणि पानवेल करपायला लागली. मे महिन्यात उपसाबंदीच्या ठरावासाठी ग्रामसभा होती. ठराव पडला तर वाडी गेली, एवढं सरळ होतं.

मावशी म्हणाली, मला चार माणसांत बोलायला शिकव. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो. मार्टिन ल्यूथर किंगचं ते स्वप्नाचं भाषण माझ्या खास आवडीचं. मी तिला समजावलं, हा माणूस काळ्या लोकांच्या हक्कांसाठी बोलतो, पण नुसतं मागत नाही. त्याच शब्दांनी पुन्हा पुन्हा वाक्यं सुरू करतो, गावांची, डोंगरांची नावं घेतो, दर खेपेला आवाज चढवतो, म्हणून लोक त्याच्याबरोबर ओढले जातात.

“असं तर मी रोजच क्रुसापुढे करते,” मावशी म्हणाली.

मे महिनाभर आमच्या आळीतल्या क्रुसापुढे संध्याकाळी प्रार्थना असते. मावशी एकेका संताचं नाव घेते, बाकीचे दर नावाला ‘आम्हांसाठी विनंती कर’ असं उत्तर देतात. मला रागच आला. कुठे वक्तृत्व आणि कुठे आळीतली प्रार्थना! मी तिला पाच खणखणीत वाक्यं लिहून दिली आणि पाठ करून घेतली.

ग्रामसभेत मावशी उभी राहिली आणि पाचही वाक्यं विसरली. एक नाही, दोन नाही, पाची! समोर तालुक्याचा साहेब पेन उघडून बसलेला. मी घामाघूम. मावशीने डोळे मिटले आणि खाऱ्या झालेल्या विहिरींची नावं घ्यायला लागली, तीही क्रुसापुढच्या चालीवर.

“देवळामागची विहीर.”

मागून पन्नास माणसं सवयीने म्हणाली, “आम्हांसाठी विनंती कर.”

मी कपाळावर हात मारला. साहेब चक्रावला. मावशी मात्र थांबेना. फ्लॉसीच्या दारातली विहीर, जयवंतीच्या अंगणातली विहीर. चौथ्या नावाला तर जयवंती, जिने जन्मात क्रुसापुढे गुडघा टेकला नव्हता, तीसुद्धा उत्तर द्यायला लागली. कुणी हसेना. नाव घेतलं की ज्याची विहीर तो मान खाली घालायचा.

दहा विहिरी झाल्या. मग मावशी म्हणाली, “माझी विहीर,” आणि तिला रडूच फुटलं. तिला रडताना गावाने कधी पाहिलं नव्हतं. सगळे तिच्याकडेच बघत राहिले, उत्तर द्यायचं राहून गेलं.

तेवढ्यात एकच आवाज आला.

“आम्हांसाठी विनंती कर.”

लेस्टर! इतका वेळ तोही सगळ्यांबरोबर उत्तर देत होता, आणि त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. बिचारा लालबुंद झाला, दोनदा उठला, दोनदा बसला. मग साहेबांनी ठराव वाचून दाखवला आणि ज्यांना मान्य आहे त्यांना हात वर करायला सांगितलं.

पहिला हात लेस्टरचा वर गेला.