मावशींची कोळंबी

कोळंबी सोलण्याच्या कारखान्यात मावशींनी बावीस वर्षं काढली. पायात गमबूट, हात बर्फात, आणि शेजारी उकळत्या हौदाची वाफ. चार वाजता सुट्टी झाली की त्या शेडमागच्या अर्ध्या कापलेल्या पिंपात निखारे फुलवायच्या, वर जाळी टाकायच्या आणि मोडकी, नाकारलेली कोळंबी नुसत्या मिठावर भाजायच्या. बायका बोटं भाजून घेत, एकमेकींच्या हातातली पळवत खायच्या.

"मावशी, तुमच्या फुंकरीवरच हा कारखाना चालतो बघा!"

मग ती फुंकर कमी पडायला लागली. ओठांना खाज यायची, छातीत शिट्टी वाजायची. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "कोळंबीची वाफसुद्धा तुम्हाला चालणार नाही. काम सोडा. आणि खाल्लीत तर जिवावर बेतेल."

मावशी घरी काही बोलल्या नाहीत. अंगाला खाज आली तरी बायकांना काढून टाकतात, हे त्यांनी पाहिलं होतं. सात महिने त्या सुट्टीत काही ना काही निमित्त काढून लांब बसल्या.

सून मावशींच्याच टेबलावर कोळंबी सोलायची. एका दुपारी तिने जाळीवरची सगळ्यात मोठी कोळंबी उचलली, सोलली आणि सासूपुढे धरली. "आई, किती दिवसांत खाल्ली नाहीत. घ्या ना."

सुपरवायझर दारातच उभा होता. "का हो मावशी, तब्येत बरी आहे ना?"

"मला काय धाड भरलीय?" म्हणत मावशींनी कोळंबी तोंडात टाकली.

दहा मिनिटांत चेहरा सुजला. सुनेने त्यांना बर्फाच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, पण वाटेतच श्वास थांबला.

कपाटातल्या पिशवीत डॉक्टरांचा कागद सापडला, तेव्हा सुनेला सगळं कळलं. तेरावं होताच ती कामावर गेली आणि टेबलाशी उभी राहून तिने तो कागद मोठ्याने वाचला. "आणखी कुणाला होतंय हे?"

सगळ्या मान खाली घालून सोलत राहिल्या. मग कोपऱ्यातल्या म्हातारीने हात वर केला. बघता बघता एकोणीसपैकी अकरा हात वर झाले. चार महिन्यांनी हौदावर वाफ ओढणारा पंखा बसला. तोवर त्या अकरापैकी पाच जणींना घरी बसवलं होतं. त्यांच्यासोबत सुनेलाही.

नवऱ्याला तिने कागद सापडला त्याच रात्री सांगितलं होतं, "माझ्या हातची होती."

"तुला काय माहीत होतं?" तो म्हणाला. त्याला तसंच वाटत होतं, यात खोटं काही नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःचा चहा स्वतः करून घ्यायला लागला, आणि तिनेही कधी त्याच्या हातातून पातेलं घेतलं नाही.