तो खोकला माहेरचा नव्हता

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. दादालाही नाही. आईला यातलं अर्धं माहीत होतं, ती ते घेऊनच गेली. उरलेलं अर्धं तिलाही कधी कळलं नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. दुसरं कारण शोधलं तर मला सापडत नाही.

मी भोकरदन तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. आरोग्याचा तास माझ्याकडेच असतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असला तर थुंकी तपासायची, संध्याकाळी ताप येतो, वजन उतरतं, भूक जाते — हे मी फळ्यावर लिहिते. क्षयरोग गोळ्यांनी बरा होतो, पण बरं वाटलं म्हणून मध्येच गोळ्या सोडायच्या नाहीत — हे तर दोनदा लिहून घेते. मुलं लिहून घेतात. मॅडमला हे एवढं पक्कं कसं ठाऊक, हे कुणी विचारत नाही.

मला झाला होता. वय बावीस. संभाजीनगरला होस्टेलवर राहून शिकत होते. आधी साधा खोकला वाटला, मग संध्याकाळी अंग कसकसायला लागलं, ड्रेस ढिले झाले. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली आणि सांगितलं — सहा महिने गोळ्या, एक दिवसही चुकवायचा नाही. मी घरी आले. वडील नव्हते, दादा त्याच्या मोटार वायंडिंगच्या दुकानात दिवसभर. मी फक्त आईला सांगितलं. आईनं आधी दार लावलं. मग म्हणाली, "भिंतीला सुदिक कळू देऊ नको."

अडीच महिने घेतल्या. खोकला थांबला, गाल भरले. आणि माझ्यासाठी स्थळं यायला लागली. गोळ्यांची चौकशी करायला दवाखान्याची बाई घरी यायची, शेजारची विचारायची, ही कोण? आईनं त्या बाईला सांगितलं, पोरगी मामाकडं गेली परभणीला. मी आतल्या खोलीत बसून ते ऐकत होते. गोळ्या तिथं थांबल्या. आईनं थांबवल्या असं मला म्हणता येईल — पण गिळायच्या मला होत्या ना? चार-पाच पाकिटं उरली होती, ती मी गादीखाली सारून ठेवली.

त्या दिवाळीनंतर दादाचं लग्न झालं. अर्चना वहिनी शहागडची. हायवेला तिच्या वडिलांचं टायर-पंक्चरचं दुकान, त्यांना सगळे तात्या म्हणायचे. वहिनी माझ्याहून वर्षानं लहान. मोठ्यानं हसायची, मग आईकडं बघून तोंडावर पदर धरायची. मला 'वन्सं' म्हणायची आणि माझ्याच ताटात जेवायला बसायची.

हिवाळ्यात माझा खोकला परत आला.

मला कळलं होतं. हे मी घोळवून सांगत नाही — पहिल्या दिवशीच मला कळलं होतं तो कोणता खोकला आहे. गादीखालच्या गोळ्या काढून चार दिवस खाल्ल्या, जरा उतार पडला की बंद, पुन्हा आठ दिवस खाल्ल्या. दवाखान्यात गेले नाही. जालन्याचं एक स्थळ जवळजवळ जुळत आलं होतं. घरात सांगितलं की थंडी बाधलीय. आणि वहिनीनं ते खरं धरलं. दादा दुकानात गेला की ती खिडकी लावून घ्यायची, गार वारं नको म्हणून, आणि ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून माझी छाती शेकायची. माझं डोकं तिच्या मांडीवर. मी खोकायचे ते तिच्या तोंडाजवळ. ताप चढला की माझ्या शेजारीच निजायची. तिला 'सरका लांब' एवढे दोन शब्द म्हणायला मला काय जड होतं? म्हटले असते तर तिनं विचारलं असतं, का?

पुढच्या श्रावणात वहिनी खोकायला लागली. आधी पाटीभर भांडी घासताना थांबायची, मग जिना चढताना. एक दिवस मोरीत रक्त दिसलं. आम्ही तिला जालन्याला छातीच्या डॉक्टरांकडं नेलं — आई, मी आणि ती. फोटो काढला, थुंकी तपासली. क्षय निघाला. आई तिथंच, त्यांच्यासमोर म्हणाली, "माहेरून घेऊन आलीय. आमाला फसवलं."

डॉक्टर वयस्कर होते, शांत. त्यांनी आईचं बोलणं कानाआड केलं आणि विचारलं, "घरात याआधी कुणाला झाला होता का? कुणी गोळ्या सुरू करून मध्येच सोडल्यात का? नीट आठवून सांगा, औषध त्यावर ठरतं."

आई म्हणाली, "सात पिढ्यांत न्हाई."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी शिकलेली होते म्हणून असेल.

मी म्हणाले, "नाही सर."

त्यांनी लिहून घेतलं आणि साध्या, नेहमीच्या गोळ्या सुरू केल्या. दुसरं काही करायचं त्यांना कारणच नव्हतं.

परतीच्या बसमध्ये आई पुढच्या सीटवर बसली. वहिनी माझ्या शेजारी. तिनं पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं, उलटंपालटं करून बघितलं, आणि हळूच म्हणाली, "वन्सं, अशी पाकिटं मी तुमच्या गादीखाली पाह्यल्ती."

"ती रक्तवाढीची होती."

ती माझ्याकडं बघत राहिली. किती वेळ? राजूर येईपर्यंत असेल, किंवा दोन क्षणच. मग म्हणाली, "बरं." आणि पाकीट पिशवीत ठेवलं.

तिला कळलं होतं का? मी ही गोष्ट मनात हजार वेळा फिरवली आहे. कळलं असेल तर ती दादाला बोलली का नाही? तिच्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवला नसता म्हणून? की माझं लग्न मोडू नये म्हणून? दुसरं कारण मला सोसत नाही, म्हणून मी पहिलंच धरून ठेवते.

आठ दिवसांत आईनं तिला शहागडला पोचतं केलं. बरी झाली की आणू, म्हणाली. दादा मान खाली घालून मोटारसायकल चालू करत होता. मी तिची बॅग भरून दिली. मार्गशीर्षात त्याच जालन्याच्या स्थळाशी माझं लग्न झालं. वहिनीला आवतण नव्हतं.

इथवर ऐकून तुम्हाला वाटलं असेल की तो 'नाही सर' हाच माझा गुन्हा. मलाही पुष्कळ वर्षं तेवढंच कबूल करून भागवावंसं वाटायचं. ते तरी एका झटक्यात तोंडातून गेलं होतं. पुढचं तसं गेलं नाही.

लग्नानंतर दोन महिन्यांत खोकताना माझं रक्त पडलं. नवरा घाबरला. मी त्याला काय सांगितलं असेल? सांगितलं — वहिनीची सेवा केली ना, तिच्याकडून लागलं. तो चांगला माणूस आहे. त्याचे डोळे भरून आले. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "बिचारी! दुसऱ्याचं करायला गेली अन् सोताच्या गळ्यात पडलं."

नवरा मला संभाजीनगरला मोठ्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. मी त्याला बाहेर बाकावर बसवलं, आत एकटी गेले, आणि खुर्चीत टेकायच्या आधीच बोलले — मला आधी झाला होता, अडीच महिन्यांत गोळ्या सोडल्या, नंतर मधूनमधून खाल्ल्या. सगळं. एका दमात. जीव माझा होता ना. खरं बोलायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही.

त्यांनी थुंकी मोठ्या लॅबला पाठवली. रिपोर्ट आला तेव्हा समजावून सांगितलं. अर्धवट गोळ्यांनी कच्चे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात, मग त्यांच्यावर नेहमीच्या गोळ्या चालत नाहीत. आता वेगळी औषधं, पावणेदोन वर्षं, पहिले सहा महिने रोज इंजेक्शन. मग म्हणाले, "तुमच्यापासून घरात कुणाला लागण झाली असेल तर ती ह्याच जंतूंची. त्यांना साध्या गोळ्या देऊन काही उपयोग नाही, नुसता वेळ जाईल. आहे कुणी?"

त्या घडीला वहिनी शहागडला त्याच साध्या गोळ्या खात होती. सहावा महिना. एक दिवस चुकवला नव्हता तिनं — तात्या स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन समोर बसायचे, हे दादाकडून कळलं होतं. तरी वजन उतरतच होतं.

मी डॉक्टरांना म्हणाले, "नाही. कुणी नाही."

डॉक्टरांच्या दाराच्या आत मला वहिनी नव्हतीच, आणि दाराबाहेर माझा आजार वहिनीनंच दिलेला होता. कळतंय ना तुम्हाला?

तात्यांचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. नाव न सांगता बोलता आलं असतं — 'हिची थुंकी मोठ्या लॅबला पाठवा', एवढंच. मी नंबर काढायचे, बघायचे. फोन केला तर विचारतील, तुम्हाला कसं माहीत? मग नवऱ्याला कळेल. मग सासरला. रोज सकाळी इंजेक्शन घेऊन यायचे, आणि रोज म्हणायचे, उद्या. असे चार महिने गेले. मग तिच्या डॉक्टरांनाच शंका आली, तपासणी झाली, औषध बदललं. तोवर एक फुप्फुस कामातून गेलं होतं, दुसरं निम्मं.

मी बरी झाले. डाव्या कानानं कमी ऐकू येतं, बाकी काही नाही. मुलगी झाली. नोकरी लागली.

वहिनी नव्या औषधांवर दीडेक वर्ष होती. शेवटी शेवटी तिला आडवं होता येत नव्हतं म्हणे, दम कोंडायचा, उशा लावून बसूनच राहायची. दादा एकदाच जाऊन आला. आल्यावर जेवला नाही. ती पौषात गेली. पंचवीसही पूर्ण नव्हती.

दहाव्याला मी आणि आई शहागडला गेलो. गोदावरीवर विधी झाला, मग घरी. तात्या खूप वाळले होते. बायका उठून गेल्यावर ते आमच्यासमोर येऊन बसले, आणि त्या माणसानं आईला हात जोडले.

"आमच्या पोरीमुळं तुमच्या घराला लई तरास झाला, ताई. तुमच्या लेकीला बी तिच्यापायी भोगावं लागलं. आमाला खरंच ठाव नव्हतं वो. ठाव असतं तर लगीन केलंच नसतं. कुठून आलं आमच्या घरात, काय की."

आई लुगड्याचा पदर चाळवत बसली. तिनं माझ्याकडं बघितलं. तेव्हासुद्धा बोलता आलं असतं. मेलेल्या माणसाचं काही भलं झालं नसतं, पण त्या म्हाताऱ्याच्या डोक्यावरून एवढं तरी उतरलं असतं.

मी म्हणाले, "जाऊ द्या तात्या. तुमचा काय दोष."

ते रडले. मला म्हणाले, "लई मोठ्या मनाची हाएस बाई तू."

वहिनीची धाकटी बहीण आहे, सविता. तिची दोन स्थळं मोडली — घरात क्षय आहे म्हणून. आता ती पस्तिशीला आली, तात्यांचं करते. तात्या अजून आहेत. वहिनी सोडली तर त्यांच्या घरात कधीच कुणाला क्षय नव्हता, ना आधी, ना नंतर. तो आमच्या घरातून गेला, हे त्यांना माहीत नाही. मी सांगितलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर, सांगेन असं मला वाटत नाही.