आईच्या भट्टीवरचं तळं

इंडोनेशियातल्या सेमारांग शहराच्या खालच्या अंगाला, समुद्राला चिकटून आमची वस्ती. भरतीचं पाणी घरात शिरतं म्हणून दर चार-पाच वर्षांनी भराव टाकून जमीन उंच करायची. छप्पर मात्र तिथंच. त्यामुळे आमच्याकडे माणसं वाकूनच घरात शिरतात. डोंगरावरच्या सरकारी विद्यापीठात नगररचना शिकायला लागल्यावर मी मात्र ताठ झाले आणि दर रविवारी चौकटीवर डोकं आपटून घेऊ लागले.

तिसऱ्या वर्षी प्रकल्प मिळाला तो नेमका आमच्याच वस्तीचा. गटातली मुलं म्हणाली, पायी हिंडून बघू. मी म्हटलं, "माझा जन्म तिथला. मला काय दाखवता?" आणि खोलीत पंख्याखाली बसून उपग्रहाच्या फोटोवरून नकाशा काढला. एका जागी पांढरट डाग दिसला. पडीक खारजमीन, असं ठरवून मी तिथं भरतीचं पाणी साठवायला तळं आखलं. कडेनं बाकंही टाकली. सरांनी वर्गासमोर शाबासकी दिली.

पुढं नकाशे वस्तीच्या सभागृहात लावले. बायका आपापलं घर शोधू लागल्या. माझी आई, कार्सिनी, मासे धुरावून विकते. तिनं नकाशावर बोट फिरवलं.

"ही मशीद. हे बु तुमिराचं घर. मग माझी भट्टी कुठाय गं, किनासिह?"

तो डाग म्हणजे भट्टीचा धूर होता. त्याच धुरावर मी शिकत होते.

"तिथं... तळं आहे, आई."

"बुडवलीस म्हण की!" आई म्हणाली. "आता निदान मासे तरी सोड त्यात."

"आणि बाकांवर बसून आम्ही काय, गळ टाकायचे?" शेजारच्या बु तुमिरानं, म्हणजे तुमिराकाकूनं, भर घातली. सगळं सभागृह हसलं. सरही हसले, आणि मग शांतपणे म्हणाले, "पुन्हा मोजून आणा."

सहा आठवडे मी गल्लीबोळ मोजत होते. टेपचं दुसरं टोक आईच्या हातात. जाईन तिथं स्वागत एकच: "लपवा गं भट्ट्या, तळंवाली आली!" एकूण एकतीस भट्ट्या निघाल्या, त्यातल्या चार मला जन्मात माहीत नव्हत्या. तळं मी मासळी लिलावाच्या ओस आवारात हलवलं. उशीर झाला म्हणून गुण कापले गेले, आणि ते तळं अजून विद्यापीठाच्या कपाटातच आहे. भट्ट्यांचा नकाशा मात्र बायकांनी अर्जाला जोडला आणि दोन वर्षं खेटे घालून एक उंच सामाईक धुराडं मंजूर करून घेतलं. उद्घाटनाला आईनं मला पहिल्या रांगेत बसवलं. मी फुगले.

नंतर नगरपालिकेत नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात टेबलावर तक्रार आली. पलीकडच्या वस्तीची, अठ्ठावन्न सह्यांची: नव्या धुराड्याचा धूर वाळत घातलेल्या कपड्यांवर येतो. धुराड्याची जागा मीच सुचवली होती. वारा कुठून वाहतो, हे कुणालाही न विचारता.

कागदावर 'समक्ष पाहणी करावी' असा शेरा मारला आणि चपला घातल्या.