बाबांच्या फुफ्फुसाची डावी बाजू

माझ्या बापाचं उजवं फुफ्फुस डावं आहे, असा जाहीर आरोप मी हिंगोलीतल्या एका दवाखान्यासमोर केला, तेव्हा बाप तिथंच बाकावर बसून खोकत होता.

बाबा जवळा बाजारला शिवणकाम करतात. खोकला जाईना, म्हणून छातीचा सीटी स्कॅन काढला. रिपोर्ट आला: उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात, एका लहान श्वासनळीत काहीतरी अडकलंय; गाठही असू शकते. गाठ! आईनं पदर तोंडाला लावला.

पण मी पडले रुग्णहक्काची कार्यकर्ती! आमच्यात धक्का बसला की रडत नाहीत, पुरावा तपासतात. अंगणात बाबांच्या छातीवर स्कॅनची फिल्म धरली, तर ते तिच्यावरच खोकायचे. म्हणून मागं जाऊन पाठीवर धरली. (इथवर माझी बुद्धी शाबूत होती.) अडकल्याचा पांढरा ठिपका सरळसरळ डावीकडं!

"बाबा, ह्यांनी डावं-उजवं केलंय!"

"काहून? कोणत्या बाजूनं दुखून राहिलं?" आईनं विचारलं.

"दुखून न्हाई राहिलं, खोकला येऊन राहिला," बाबा म्हणाले. "अन् तो बाजूनं न्हाई येत, तोंडातून येतो!"

संध्याकाळी पत्रक छापून तयार! 'डावं-उजवं न कळणाऱ्यांच्या हाती जनतेचा श्वास!' (हे वाक्य मला अजूनही आवडतं.) सकाळी बाबांच्या नळीत दुर्बीण घालणार होते. ती मी रोखली आणि आमच्या गटातली पोरं घेऊन दवाखान्याच्या दारात ठिय्या मांडला. दुर्बिणीसाठी बाबा उपाशीपोटी आले होते. पोरांनी त्यांना परस्पर आमरण उपोषणाला बसवलं!

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. पत्रक शांतपणे वाचलं. "ताई, फिल्म कशी धरली होती?"

मी बाबांना पाठमोरं उभं करून दाखवलं. बाईंनी भाषण केलं नाही. बाबांचे खांदे धरून त्यांना फक्त माझ्याकडं तोंड करून फिरवलं. फिल्म तशीच, ठिपका बाबांच्या उजवीकडं! बाप फिरला आणि आंदोलन पडलं.

"पेशंट तुमच्यासमोर आहे असं धरून हे चित्र बघायचं असतं," बाई म्हणाल्या. "आता हे काळे गोल बघा. काळं म्हणजे हवा. नळी उघडी आहे, चांगली आहे."

पत्रकात मी 'काळ्या भोकांनी पोखरलेलं फुफ्फुस' असंही लिहिलं होतं!

"प्रत्येक काळ्या गोलाशेजारी एक पांढरी रक्तवाहिनी, जोडीनं चालते. इथं जोडीतला काळा गोलच दिसत नाही. नळी भरलीये. ही फांदी पाठीकडं वळते. उताण्या माणसाच्या घशातून काही घसरलं, तर बऱ्याचदा इथंच जाऊन बसतं. काका, तोंडात काही ठेवून झोपता का?"

बाबा आईकडं बघायला लागले.

"सांगा की आता!" आई कडाडली. "तोंडात बटणं धरून शिवतेत, अन् डुलकी आली की तसंच कापडावर आडवं होतेत! सांगून सांगून माझं तोंड दुखलं!"

दुर्बीण आत गेली. बाहेर पोरं माझ्याच घोषणा देत होती. आत आई आणि मी भिंतीला चिकटून उभ्या. गाठच निघाली तर? आणि मी तिच्या उपचाराच्याच दारात सकाळभर ठिय्या दिलेला!

बाईंनी वाटी पुढं केली. आत झबल्याचं इवलंसं पांढरं बटण. गाठ नव्हती! आई आधी रडली, मग बाबांवर उखडली.

बाबा शुद्धीवर आले ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तरीच! त्या लेकराची माय एका बटणासाठी भांडून गेली ना माझ्याशी!"

मी धावत बाहेर आले. "उठा! ठिय्या संपला! डॉक्टर बरोबर आहेत, चूक माझी!"

पोरांच्या मागून एक आवाज आला, "ताईला मॅनेज केलं रे!"

दुसऱ्या दिवशी बाजारात नवं पत्रक वाटलं गेलं: 'बापाच्या श्वासाचा सौदा करणाऱ्या ताईचा जाहीर निषेध!' मी ते दोनदा वाचलं. मुद्देसूद होतं, झणझणीत होतं, पुराव्याचा पत्ता नव्हता. असं लिहायला त्यांना मीच तर शिकवलं होतं!